आधी खजिनदार

२ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच आवारातल्या वकिलांच्या संघटनेला, सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनला, आदेश दिला की कार्यकारिणीतल्या किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवा. नऊ सदस्यांपैकी तीन, सहा ज्येष्ठ सदस्यांपैकी दोन आणि पदाधिकाऱ्यांमधलं किमान एक पद आळीपाळीने. त्या आळीपाळीची सुरुवात २०२४-२५ साठी खजिनदारपदापासून. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या वकील संघटनेबाबत आणि जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या वकील संघटनेबाबत आदेश झाले. राखीव पदांमध्ये तिथेही खजिनदारपद होतंच.

मी पुण्यात वकिली करते. मला हे आदेश मनापासून आवडले. माझ्या मावशीला आवडले नाहीत. ती सोलापुरात सी.ए. आहे. तिथल्या एका व्यावसायिक संघटनेत ती साधी सभासद, मग खजिनदार, कार्यवाह, उपाध्यक्ष आणि शेवटी अध्यक्ष असं एकेक पद घेत गेली. आमचा वाद फोनवर सुरू झाला आणि ती दिवाळीला माझ्याकडे आली तेव्हा समोरासमोर झाला. दोघींचेही आवाज चढले. त्यातलं लिहिण्याजोगं इथे देते आहे. माझी बाजू कोणती ते मी लपवत नाही. मात्र मावशीचे काही मुद्दे टाळून या विषयावर कुणाला बोलताच येणार नाही, असं माझं मत झालं आहे.

मी : तू स्वतः खजिनदार होतीस. तेच पद बायकांच्या हाती येतंय, मग तुझा आक्षेप कशाला?

मावशी : पद अगदी बरोबर निवडलंय. देण्याची रीत मला पटत नाही. राखीव जागेवरून आलेली बाई कितीही हुशार असो, पहिल्याच सभेत मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते की या कोट्यातल्या. मग तिची सगळी ताकद ती कुजबुज खोटी ठरवण्यात जाते. मला तो त्रास नव्हता.

मी : तुला वेगळा त्रास होता. तुझ्या आधीचे अध्यक्ष सभासद झाल्यापासून किती वर्षांत अध्यक्ष झाले? आणि तू?

मावशी : ते चार-पाच वर्षांत झाले. मला त्याच्या तिप्पट वर्षं लागली, ते खरं आहे. पण तेवढ्या काळात मला संघटना मुळापासून कळली.

मी : त्यांना कळली नव्हती तरी चाललं ना?

मावशी : चाललं. म्हणून तर माझ्याकडे ती तशा अवस्थेत आली.

ती अवस्था काय होती, हे तिने सांगितलं तसंच देते. संघटनांमधल्या बायकांवर जे लिहिलं जातं त्यात हार घातलेला फोटो असतो, हे कुठेच नसतं.

मावशी : खजिनदारासाठी निवडणूक होतच नाही, बिनविरोध मिळतं, कारण ते कुणाला नकोच असतं. अध्यक्षांना व्यासपीठ असतं, कार्यवाहांच्या हातात माईक असतो, खजिनदाराकडे पावतीपुस्तकं. मला पहिल्या दिवशी एक पत्र्याची पेटी दिली. आत अर्धवट वापरलेली पावतीपुस्तकं, दोन चेकबुकं आणि रबर लावलेला व्हाउचरांचा गठ्ठा. परिसंवादाच्या जेवणाचं बिल होतं, पण किती ताटं लागली त्याचा पत्ता नाही. हॉलसाठी अनामत दिलेली होती, परत आल्याची नोंद नाही. बँकेत सहीचा नमुना बदलायला गेले तर त्यांनी ठरावाची प्रत मागितली, आणि तो ठराव इतिवृत्तात लिहिलेलाच नव्हता. धर्मादाय कार्यालयात मागच्या निवडणुकांचे चेंज रिपोर्टच गेले नव्हते. म्हणजे सरकारदरबारी आमचे पदाधिकारी अजून जुनेच. त्यातले एक तर वारले होते.

मी : मग तू काय केलंस?

मावशी : पावसाळाभर तेच केलं. चेंज रिपोर्ट भरले, उशिराबद्दल माफीचे अर्ज दिले, वर्गणीची थकबाकी सभासदागणिक काढली. त्या यादीत शहरातली बडी बडी नावं निघाली. मी यादी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेला जोडून पाठवून दिली. आमच्या घटनेत कलमच आहे, थकबाकीदाराला मत नाही. सभेच्या आदल्या आठवड्यात झाडून सगळ्यांचे पैसे जमा झाले. संघटनेत माझा शब्द चालायला लागला तो त्या आठवड्यापासून. अध्यक्ष मी फार नंतर झाले.

मी : म्हणजे कोर्टाने खजिनदारपद निवडलं ते योग्यच झालं.

मावशी : ते मी पहिल्याच वाक्यात म्हटलं.

इथे मला एक गोष्ट जोडायची आहे. बारसंबंधीचा २०२४ चा आदेश ज्या प्रकरणात झाला त्याचं मूळ मतदारयादीतच आहे. बी. डी. कौशिक प्रकरणातल्या २०११ च्या निकालात ‘एक बार, एक मत’ हे तत्त्व न्यायालयाने उचलून धरलं होतं, म्हणजे एका वकिलाने चार-चार संघटनांत मतदान करत फिरू नये. सभासद कोण, वर्गणी कुणाची भरलेली आणि मत कुणाला, हे ज्याच्या वहीत असतं त्याच्याकडे संघटनेची नाडी असते. बायकांना सांस्कृतिक समिती मिळते, सूत्रसंचालन मिळतं, ८ मार्चच्या कार्यक्रमाची जबाबदारी मिळते. वही मिळत नाही.

मावशीने मग तिचा हुकमी दाखला काढला. तिच्या व्यवसायातला आहे, आणि तो ती अभिमानाने देते.

मावशी : आर. शिवभोगम. मद्रासच्या. स्वातंत्र्यचळवळीत वर्षभर वेल्लोरच्या तुरुंगात होत्या. तिथून सुटल्यावर लेखापरीक्षणाकडे वळल्या आणि १९३३ मध्ये परीक्षा पास होऊन देशातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या. तुरुंगात गेलेल्यांची लेखापाल म्हणून नोंदणी करायची नाही, असा तेव्हाचा नियम. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि १९३७ मध्ये त्यांनी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. पुढे इन्स्टिट्यूट निघाली १९४९ मध्ये, आणि १९५५ ते १९५८ शिवभोगम दक्षिण विभागीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या. कुठलं आरक्षण होतं गं तेव्हा?

मी : नव्हतं. आणि त्यानंतर काय झालं? १९५५ मध्ये एक बाई विभागाच्या अध्यक्ष झाल्या. त्याच इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदावर आजवर एकही महिला आलेली नाही. चार लाखांहून जास्त सभासद आहेत. दरवर्षी निकाल लागला की वर्तमानपत्रांत मुलींचे फोटो असतात. त्या मुली परिषदेपर्यंत का पोचत नाहीत?

मावशी : त्याचं कारण निवडणुकीत आहे. केंद्रीय परिषद चाळीस जणांची. आठ सरकार नेमतं, बत्तीस आम्ही निवडून देतो, दर चार वर्षांनी, पसंतीक्रमाच्या मतांनी. आपला पश्चिम विभाग म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, गोवा. सुरतेपासून सावंतवाडीपर्यंत लोकांनी तुझ्या नावापुढे एक आकडा लिहायला हवा. त्यासाठी वर्षानुवर्षं गावोगावच्या स्टडी सर्कलमध्ये व्याख्यानं द्यायची, मुक्काम करायचे, रात्री जेवणाला थांबायचं. आणि अध्यक्ष त्या चाळिसांमधून निवडायचा, एका वर्षासाठी.

मी : आणि घरी लहान मूल असलेली बाई नवसारीला मुक्काम करते का?

मावशी : काही करतात.

मी : किती?

मावशी : थोड्या. पण कंपनी सेक्रेटरींच्या इन्स्टिट्यूटमध्ये बघ. तिथेही कायद्याने उभी राहिलेली परिषद, तिथेही निवडणूक. प्रीती मल्होत्रा २००७ मध्ये अध्यक्ष झाल्या, ममता बिनानी २०१६ मध्ये. होतं. दार बंद नाही.

मावशीचा हा दाखला खोडून काढता येत नाही. दोन जुळ्या वाटाव्यात अशा संस्था, साधारण सारखीच निवडणूक, आणि एकीत दोन महिला अध्यक्ष होऊन गेल्या, दुसरीत एकही नाही. एकट्या निवडणूक-पद्धतीवर दोष ढकलून मोकळं होता येणार नाही, एवढं यातून नक्की कळतं. वाद पुढे उद्योगांच्या संघटनांकडे गेला.

मी : फिक्की १९२७ ची. पहिल्या महिला अध्यक्ष नैना लाल किडवई, डिसेंबर २०१२ मध्ये. सीआयआय आपली सुरुवात १८९५ पासून मोजते, तिथे शोभना कामिनेनी पहिल्या, २०१७ मध्ये. असोचॅममध्ये स्वाती पिरामल, २००९-१० च्या सुमारास. किडवई बँकिंगमध्ये नोकरी करत एचएसबीसीच्या भारतातल्या प्रमुख झाल्या, त्यांची वाट वेगळी. बाकीच्यांचं बघ. कामिनेनी आणि फिक्कीच्या २०२० च्या अध्यक्ष संगीता रेड्डी सख्ख्या बहिणी, अपोलो हॉस्पिटल्सच्या प्रताप रेड्डींच्या मुली. कर्तृत्व आहेच. पण चाकणला पाच लेथ टाकून बसलेली बाई या यादीत कधी येणार?

मावशी : पाच लेथवाला पुरुष कधी आला? फिक्की काढली कुणी? घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी. तिथे घराण्याला मान पहिल्यापासून आहे, तो काही बायकांनी आणलेला नाही.

मी : म्हणूनच मला या मोठ्या नावांवर फार वेळ घालवायचा नाही. आयटीतल्या नॅसकॉमचं मात्र सांगते, कारण तिथे करिअरची दुसरी वाट दिसते. तिथे चेअरपर्सन उद्योगातला असतो, मानद. आणि प्रेसिडेंट हा पूर्णवेळ पगारी माणूस असतो. देबजानी घोष इंटेलच्या दक्षिण आशियाच्या प्रमुख होत्या, त्या २०१८ मध्ये नॅसकॉमच्या पहिल्या महिला प्रेसिडेंट झाल्या. रेखा मेनन २०२१ मध्ये पहिल्या महिला चेअरपर्सन. संघटना चालवणं हाच व्यवसाय, त्याचा पगार, त्याची बढती. आपल्या जिल्ह्याच्या संघटनांत हे काम कोण करतं? कार्यालयातल्या बाई. वीस वर्षं तिथेच, सगळ्या अध्यक्षांची पत्रं लिहिणाऱ्या, सगळ्या फायली तोंडपाठ. त्यांच्या हुद्द्यात कधी फरक पडत नाही.

मावशी : आमच्याकडेही एक होत्या. त्यांना मी पहिल्यांदा भविष्यनिर्वाह निधी लावून दिला. तोवर व्हाउचरवर पगार घेत होत्या, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर.

हे तिने सहज सांगितलं आणि पुढे गेली. मला ते तिच्या अध्यक्षपदापेक्षा मोठं वाटलं. मग विषय निघाला महिला आघाड्यांचा, आणि त्यावर ती तापली.

मावशी : मुख्य संघटनेत जागा द्यायची नाही म्हणून शेजारी एक महिला विंग काढून द्यायची. मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरची लेडीज विंग १९६६ ची. फिक्कीची एफएलओ १९८३ ची. बायका तिथे अध्यक्ष होतात, उत्तम कार्यक्रम करतात, देणग्या उभ्या करतात. आणि मुख्य खुर्चीकडे जाणारा रस्ता दुसऱ्याच जिन्यावरून जातो. मला आमच्याकडे महिला शाखेचं अध्यक्षपद देऊ केलं होतं. मी म्हटलं, मला हिशोब तपासायचा आहे.

मी : सगळ्या आघाड्यांचं तसंच होत नाही. इला भट्ट आठव. अहमदाबादचा मजूर महाजन संघ, १९२० चा. त्याच्या पहिल्या अध्यक्ष कोण? अनसूया साराभाई. गिरणीमालकांच्या घरातल्या, भावाच्या विरोधात कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या. म्हणजे देशातल्या मोठ्या कामगार संघटनेची सुरुवातच एका बाईच्या अध्यक्षतेखाली झाली. आणि त्याच संघटनेने १९५४ मध्ये महिला शाखा काढली तेव्हा तिचं काम काय होतं? गिरणी कामगारांच्या बायकांना शिवण-टिपण शिकवणं.

मावशी : बघ. अध्यक्ष बाई होऊन गेल्या म्हणून खाली काही बदललं का?

मी : थांब. त्याच शिवणवर्गाच्या शाखेच्या प्रमुख १९६८ मध्ये इला भट्ट झाल्या. त्यांच्यापर्यंत कापड बाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बायका आल्या, हातगाडीवाल्या आल्या, भाजीवाल्या आल्या. यांना ना मालक, ना हजेरीपत्रक. त्यांची युनियन काढायची ठरली. निबंधकांनी आक्षेप घेतला की मालकच नाही तर युनियन भांडणार कुणाशी? इला भट्टांनी उत्तर दिलं की कामगारांनी एकत्र यावं यासाठी युनियन असते, ती कुणाच्या विरोधातच असावी लागते असं नाही. एप्रिल १९७२ मध्ये ‘सेवा’ची नोंदणी झाली. पुढे १९८१ मध्ये मजूर महाजनने सेवेला बाहेर काढलं. पण तोवर ती स्वतःच्या पायावर उभी होती. तू म्हणतेस त्या शेजारच्या खोलीतूनच ही संघटना निघाली.

मावशी : निघाली, कारण इला भट्ट त्या खोलीत थांबल्या नाहीत. त्यांनी शिवणाची यंत्रं बाजूला ठेवली आणि सभासद कोण होऊ शकतो हा प्रश्न विचारला. बाकीच्या शाखांमध्ये तो कुणी विचारत नाही.

यावर आमचं एकमत झालं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. अध्यक्ष कोण, याच्या फार आधी सभासद कोण हा प्रश्न येतो. तो आपल्याच मुंबईत किती उशिरापर्यंत अडकून पडला होता हे पाहायचं तर चारू खुराना यांचं प्रकरण पुरेसं आहे. त्या अमेरिकेत शिकून आलेल्या मेकअप आर्टिस्ट. मुंबईच्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनने त्यांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारलं. असोसिएशनच्या पोटनियमांप्रमाणे मेकअप आर्टिस्ट पुरुषच होऊ शकत होता, बाईला कार्ड मिळायचं ते हेअर ड्रेसरचं. १९५५ पासून ही रीत चालत आलेली. कारण काय, तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल. कार्ड नाही म्हणजे सेटवर काम नाही, आणि तरी केलं तर दंड. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पोटनियम रद्द केले, महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही काढून टाकली. युनियनच्या निबंधकाने असे नियम मान्य केलेच कसे, हाही प्रश्न न्यायालयाने घेतला. ज्या बाईला सभासदाचं कार्डच मिळत नाही, तिच्यापुढे कार्यकारिणीच्या आणि अध्यक्षपदाच्या गोष्टी काय करायच्या?

मावशी : तिथे कोर्टाने जे केलं त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. आडवा आलेला नियम मोडायलाच हवा. पण आडवा नियम काढणं वेगळं आणि जागा राखून देणं वेगळं.

मी : तो नियम लिहिलेला होता म्हणून कोर्टाला काढता आला. जो लिहिलेला नसतो त्याचं काय करायचं? तुमच्या कार्यकारिणीच्या सभा किती वाजता व्हायच्या?

मावशी : रात्री साडेआठला. एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. अकरा वाजायचे. आणि खरं काय ते खाली पानाच्या टपरीशी ठरायचं, सभा संपल्यावर.

मी : तू टपरीशी थांबायचीस?

मावशी : नाही. मला दुसऱ्या दिवशी कळायचं की ठरलंय. म्हणून कार्यवाह झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती सभेची वेळ बदलली. शनिवारी दुपारी चार. एका माजी अध्यक्षांनी मला सांगितलं की कोरम होणार नाही, तुम्ही संघटना बंद पाडाल. झालं उलटंच. बार्शीचे, पंढरपूरचे, अक्कलकोटचे सभासद यायला लागले, कारण त्यांना परतीची एसटी मिळायला लागली. ते इतकी वर्षं येत नव्हते ते रात्रीच्या वेळेमुळे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच वर्षी दोन मुली कार्यकारिणीवर आल्या.

मी : तू वेळ बदलू शकलीस कारण तू कार्यवाह होतीस. तू नसतीस तर?

मावशी : तर साडेआठच राहिले असते.

मी : मग तुझ्यासारखी एखादी योगायोगाने येईपर्यंत सगळ्यांनी वाट बघायची?

मावशी काही बोलली नाही. मीही ताणलं नाही. पण माझी बाजू नेमकी ही आहे, आणि ती मी इथे सरळ मांडते. न लिहिलेला नियम न्यायालयाला रद्द करता येत नाही, ठरावाने मोडता येत नाही, त्यावर अपील होत नाही. तो मोडायचा तर आत माणसं हवीत, आणि तीही वेळ, हिशोब, इतिवृत्त ज्यांच्या हातात असतं त्या पदांवर. राखीव जागेचा उपयोग मला एवढ्यासाठीच हवा आहे. नुसत्या अध्यक्षपदाने हे साधत नाही, हेही तितकंच खरं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाकडे पाहा. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या या परंपरेत २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या संमेलनापर्यंत महिला अध्यक्ष सहा : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शान्ता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. अरुणा ढेरे यांच्या वेळी, २०१९ मध्ये, निवडणूक बंद करून एकमताने निवड सुरू झाली. त्यानंतर ओळीने पाच पुरुष अध्यक्ष झाले आणि मग भवाळकर. तेव्हा निवडणूक काढली की बायका आपोआप येतात, असंही नाही. दिल्ली संमेलनाच्या वेळी साहित्य महामंडळाच्या अध्यक्ष उषा तांबे आणि कार्यवाह उज्ज्वला मेहेंदळे होत्या. संमेलन उभं करण्याची, निमंत्रणांची, वादांना तोंड देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. संमेलनाध्यक्षांचं नाव घराघरांत पोचलं. या दोघींची नावं किती जणांना सांगता येतील?

मी : केरळचं उदाहरण तुझ्या बाजूने जाईल, तरी सांगते. मल्याळम चित्रपट कलावंतांची ‘अम्मा’, १९९४ ची संघटना. १५ ऑगस्ट २०२५ ला श्वेता मेनन निवडणूक लढवून तिच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, कुक्कू परमेश्वरन सरचिटणीस झाल्या. आरक्षण नव्हतं.

मावशी : झालं तर मग.

मी : त्याआधी काय झालं ते ऐक. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कलावतींनी विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह ही वेगळी संघटना काढली, त्यातल्या काहींनी अम्माचे राजीनामे दिले. चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीची चौकशी करायला हेमा समिती बसली. तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. त्यानंतर आठ दिवसांत अध्यक्ष मोहनलाल यांच्यासकट अम्माच्या अख्ख्या कार्यकारिणीने राजीनामे दिले. खुर्ची रिकामी झाली ती अशी. ज्या बायकांनी हे सगळं अंगावर घेतलं, त्यातल्या किती जणींना पुढे काम मिळालं? एका बाईने अध्यक्ष व्हावं म्हणून दुसऱ्या बायकांनी आपल्या करिअरची एवढी किंमत द्यावी का?

मावशी : किंमत सगळ्यांनाच द्यावी लागते. मी अध्यक्ष होते त्या वर्षी सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची तारीख आणि आमची परिषद एकत्र आली. पुरुष अध्यक्षांच्या फर्ममध्ये भागीदार असतात, भाऊ असतो, मुलगा असतो. माझी फर्म म्हणजे मी आणि दोन आर्टिकल. माझे दोन मोठे क्लायंट त्या वर्षी गेले ते गेलेच.

मी : हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

मावशी : सांगून काय करायचं? मानद पद आहे. स्वतःहून घेतलं होतं.

मी : हेच मला पटत नाही, मावशी. तू ते एकटीने सोसलंस आणि त्यालाच गुणवत्ता म्हणतेस. पुढच्या मुलीने तेवढंच सोसलं तर ती लायक, नाहीतर नाही, असं होतं त्याने. अध्यक्षाच्या प्रवासाचा खर्च संघटनेने द्यावा, त्या वर्षात उपाध्यक्षांनी निम्मी कामं उचलावीत, हे घटनेत लिहिता येतं. कुणी लिहीत नाही, कारण ज्यांच्या फर्ममध्ये भाऊ आहे त्यांना गरज पडत नाही.

मावशी : ते मात्र लिहायला हवं होतं. मी कार्यवाह होते तेव्हाच.

पुण्यातल्या आमच्या संघटनेसाठी मी घटनादुरुस्तीचा एक मसुदा केला आहे. तो मी तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि ऑडिटचे कागद वाचते तसा ओळ न् ओळ वाचला. राखीव पदांच्या आळीपाळीत मी अध्यक्षपद घातलं होतं, त्यावर तिने काट मारली आणि खजिनदार व कार्यवाह एवढीच दोन पदं ठेवली. सभा संध्याकाळी सहाच्या आत संपवावी, हे तिने स्वतःच्या अक्षरात घातलं. मावळत्या खजिनदाराने एका महिन्याच्या आत हिशोब, पावतीपुस्तकं आणि चेंज रिपोर्टची पोच नव्या खजिनदाराकडे सही घेऊन सोपवावी, हेही. शेवटी एक वाक्य जोडलं, की राखीव पदांचं कलम दहा वर्षांनी आपोआप रद्द होईल.

मी : अध्यक्षपद वगळायला मी तयार आहे. आत्ता तेवढंच. दहा वर्षांची मुदत मला मान्य नाही. शिवभोगमनंतर सत्तर वर्षं गेली, दहा वर्षांत काय होणार आहे?

मावशी : दहा वर्षं दोन्ही वह्या बायकांच्या हातात राहिल्या आणि तरी काही झालं नाही, तर ते कलम असून उपयोग नव्हता असं समजायचं.

मी : आणि झालं, तर ते टिकावं म्हणून कलम हवं.

मावशी : तुझं म्हणणं तुझ्यापाशी. घटनादुरुस्तीला तुमच्याकडे दोन तृतीयांश मतं लागतात ना? नुसतं भाषण करून ती मिळत नाहीत. कुणाची वर्गणी भरलेली आहे, कुणाची थकलेली, ती यादी काढ आधी. मिळाली की मला पाठव, मी बघते किती मतं जमतात ते.